मदत हवी आहे: डाळ मिलच्या यंत्राला पैसा मिळाला, तूर घ्यायला कुठून आणू?

आंबाडी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडे एका लहान संस्थेचं काम बघते. संस्था सोसायटी म्हणून नोंदलेली, धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद आहे. आमच्यासोबत २२ बचत गट, बहुतेक सगळे उमेदमधले, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातले. चार वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामाच्या निधीतून, कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल आणि टिनाचं शेड मिळालं. फीत कापायला पंधरा गाड्या आल्या होत्या. प्रकल्प संपला, गाड्या गेल्या, फलक तेवढा अजून चकाचक आहे.

आजवर आम्ही लोकांची तूर भरडून द्यायचो, किलोमागे भरडाई घ्यायचो. आठ बायांना दोन-अडीच महिने मजुरी मिळते, मग यंत्रावर पोती झाकून ठेवायची. मागच्या हंगामात बायाच म्हणाल्या, आपली तूर घेऊ, आपली डाळ विकू. गटांच्या बचतीतून १ लाख ६० हजार काढले, २२ क्विंटल तूर घेतली. क्विंटलला ७० किलोच्या आसपास डाळ पडली. चुनी-भुसा गावातच गेला. मजुरी, वीज, पिशव्या सगळं वजा जाता १९ हजार हाती राहिले आणि एप्रिल संपायच्या आत माल संपला. यवतमाळचे दोन दुकानदार अजून फोन करतात.

यंदा १५० क्विंटल घ्यायचा विचार आहे. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० धरला तर १२ लाख लागतात. तीन बँकांत गेले. पहिलीत सांगितलं, संस्थेला कर्ज देता येत नाही. दुसरीत म्हणाले, अध्यक्षांचं घर तारण द्या, सात-बारा आणा. अध्यक्षबाईंचं घर गावठाणात आहे, त्याला सात-बारा कुठला? ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला तर साहेबांनी तो चष्मा काढून पाहिला आणि परत दिला. तिसऱ्या ठिकाणी प्रकल्प अहवाल मागितला. तो बनवून देणारा माणूस १५ हजार मागतो, म्हणजे मागच्या वर्षीची बहुतेक कमाई तिथेच गेली.

यंत्रासाठी सतराशे साठ योजना दिसतात, खेळत्या भांडवलाला कोणी विचारत नाही. आमच्यासारख्यांना कर्ज देणारं कोणी आहे का? आणि कर्ज नेमकं कोणाच्या नावावर घ्यावं?

कापूसकोंड्या

२२ गट आहेत ना? बचत गटाला १० लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं. बारा गटांनी एकेक लाख उचलून मिलमध्ये टाकायचे, झाले १२ लाख. वर ३ लाखांपर्यंत व्याज सवलत आहेच. कशाला बँकेच्या पायऱ्या झिजवता?

पऱ्हाटी

आंबाडीताई, मी वाशीमकडला. आमची शेतकरी उत्पादक कंपनी हाये, मीबी या फेऱ्यातून गेलो. संस्थेच्या नावावर जाऊच नका. संस्था म्हटलं की मॅनेजरले वाटते, उद्या पैसे बुडाले तर धरू कोणाले? कंपनी दहा शेतकऱ्यांतबी निघते, पण दहावर भागत नाई. सभासद वाढवा, शेअरचे पैसे खरंच भरून घ्या. आम्ही केंद्राच्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेत बसलो म्हणून सभासदांनी भरलं तेवढंच सरकारनं घातलं. सभासदामागं २,००० आणि कंपनीले जास्तीत जास्त १५ लाख अशी मर्यादा हाये. त्यासाठी आपल्याकडं ३०० सभासद लागतात. मग नाबार्डच्या नाबकिसान या कर्ज देणाऱ्या कंपनीनं दारात उभं केलं. पहिल्या वर्षी कोणी विचारलं नाई, खोटं कशाले बोलू. दोन ताळेबंद झाल्यावर विचारलं.

निवृत्त_शाखाधिकारी

आंबाडीताई, मी ३१ वर्षं ग्रामीण शाखांत काढली, त्यातली नऊ विदर्भात. तुम्हाला परत पाठवणारा चष्मेवाला मीही असू शकलो असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी कापूसकोंड्या यांच्या सल्ल्याबद्दल. कृपा करून तसं करू नका. नियम चुकीचा सांगितलेला नाही, पण गटाचं कर्ज सभासदांच्या गरजेसाठी असतं, परतफेड गटाच्या नावावर चढते. मिलला एक हंगाम वाईट गेला तर एका धंद्याबरोबर बारा गट थकतील. ज्या बाईचा मिलशी काही संबंध नाही, तिला पुढच्या जूनमध्ये बियाण्यासाठी पैसे मिळणार नाहीत. दहा-बारा वर्षांची पत एका पोत्यात बांधू नये.

आता तुमचे १२ लाख. तुमची मिल वीज धरून दिवसाला किती तूर काढते? चार-पाच क्विंटल समजू. म्हणजे १५० क्विंटल भरडायला महिना-सव्वा महिना जाईल. दुकानदार पंधरा दिवसांत पैसे देत असतील, तर पहिल्या ५० क्विंटलचे पैसे परत आले की त्यातूनच दुसरी खेप घ्यायची. भरडाईसाठी तुम्हाला ४ लाख तुरीचे आणि लाखभर वरखर्चाचे लागतात. उरलेले ७ लाख कशासाठी? जानेवारीत स्वस्त घेऊन भाव चढेपर्यंत ठेवण्यासाठी. तो प्रक्रिया उद्योग झाला नाही, ती भावावरची पैज झाली. म्यानमारहून, आफ्रिकेतून तुरीची जहाजं लागली की भाव कसा बसतो, हे तुमच्याकडच्या शेतकऱ्याला मी काय सांगू! पैज लावायची तर लावा, पण कर्जाच्या पैशांवर नको. ५ लाखांची मागणी आणि गेल्या वर्षीच्या २२ क्विंटलचा हिशेब एका कागदावर लिहून नेलात, तर तुमचा अर्ज मी तरी वाचला असता. १५ हजारांचा अहवाल लागत नाही.

आणि एक. पीएमएफएमई या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रावरच्या ३५ टक्के अनुदानाचीच जाहिरात होते. त्यातच अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सभासद महिलेला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, तेही खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी. पैसे गटांच्या संघाकडे येतात, संघ सभासदांना कर्ज म्हणून देतो, परत आलेले पैसे संघातच फिरतात. तालुक्याच्या उमेद कक्षात जाऊन यंदा निधी शिल्लक आहे का, ते आधी विचारा. मिलवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या आठ बायांचे ३ लाख २० हजार होतात.

ताळेबंद

मी सीए आहे, अमरावतीला. एक मोठा खड्डा कोणी दाखवला नाही. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६-अ प्रमाणे विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. पहिल्या बँकेनं 'देता येत नाही' म्हटलं त्यामागे बहुधा हेच असावं, फक्त नीट सांगितलं नाही. दरवर्षी तूर घ्यायला परवानगी काढत बसलात तर तूर विकून होईल आणि तारीख पडेल. शिवाय डाळीची विक्री वाढली की आयकरात संस्थेच्या सवलतीवर प्रश्न येऊ शकतो. धंदा वेगळा काढा, संस्था बाजूला ठेवा. यंत्र संस्थेच्या नावावर असेल तर भाडेकरार लागेल. सीएसआरच्या करारात यंत्र दुसऱ्याला देण्यावर बंधन आहे का, तेही वाचा.

कापूसकोंड्या

शाखाधिकारी काका, मान्य. बियाण्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण मग सरकारच्या कर्ज हमी योजनेचं काय? दोन कोटींपर्यंत सरकार हमी घेतं म्हणे.

निवृत्त_शाखाधिकारी

हमी शेतकरी कंपन्यांसाठी आहे. १ कोटीपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के. पण ती बँकेला आहे, कर्जदाराला नाही. कर्ज बुडालं तर बँकेचं नुकसान भरून निघतं, तुमचं देणं तसंच राहतं. 'सरकारची हमी आहे, घ्या' असं सांगत गावोगाव फिरणारे पाहिलेत मी.

पऱ्हाटी

ताई, अजून एक. सभासदांची तूर एकदम इकत घेताच कशाले? बाजार समितीत शेतमाल तारण योजना हाये. शेतकरी आपली तूर गोदामात ठेवते, त्याले किमतीच्या ७५ टक्के उचल भेटते, ६ टक्क्यानं, सहा महिन्यांसाठी. त्याची अडचण भागली की तो थांबते. तुम्ही लागंल तशी दहा-वीस पोती सोडवा. भरडायचा माल गोदामात, पैसा समितीचा, अन् भाव चढला तर फायदा शेतकऱ्याले. आम्ही सोयाबीनले असंच केलं होतं. व्यापाऱ्याले ही योजना नाई, म्हणून माल शेतकऱ्याच्याच नावानं ठेवा लागते.

आंबाडी

सगळ्यांचे आभार. लिहायला उशीर झाला, दहा दिवस पळापळ चालली होती.

३६-अ वाचून मी आमच्या अध्यक्षबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं बापा, माझं घर वाचलं."

शाखाधिकारी काका, तुमचा हिशेब बायांसमोर फळ्यावर मांडला. आमची मिल दिवसाला चार क्विंटलच काढते, दुपारची वीज जाते म्हणून. ५ लाखांवर सगळ्या तयार झाल्या. एकटी एक म्हणाली की मागच्या वर्षी मार्चनंतर भाव चढला असता तर? तिला दुसरीनं विचारलं, अन् उतरला असता तर? पुढे कोणी बोललं नाही.

उमेदच्या तालुका कक्षातून बीज भांडवलाचा अर्ज आणला आहे. आठ नाही, अकरा जणी बसतात, कारण पॅकिंगवाल्याही धरता येतात म्हणाले. म्हणजे ४ लाख ४० हजार, आले तर. कंपनीचं पुढच्या वर्षी बघू, ३०० सभासद जमवणं म्हणजे निवडणूक लढण्यासारखं आहे. सीएसआरचा करार शोधते आहे. मूळ प्रत संस्थेच्या कपाटात नाही, कंपनीतल्या ज्या मॅडम यायच्या त्यांनी नोकरी सोडली.

तारणाचं मात्र अडलं. आमच्या जवळच्या बाजार समितीत सचिव म्हणाले, गोदाम भरलेलं आहे, यंदा योजना राबवायचं ठरलेलं नाही. पऱ्हाटीदादा, दुसऱ्या तालुक्याच्या समितीत आमच्या शेतकऱ्यांचा माल घेतात का? की वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून त्या पावतीवर बँकेकडून उचल घेणं सोपं पडेल? तूर सोंगायला अजून तीन आठवडे आहेत.

पऱ्हाटी

दुसऱ्या समितीत घेतात की नाई ते सचिवावर हाये, जाऊन भेटा, फोनवर नाई म्हणतील. वखारीच्या पावतीवर बँक देते, पण माल वाळवून, चाळणी मारून न्या. ओलावा जास्त निघाला तर गाडी परत धाडतात, अन् भाडं आपल्याच बोडख्यावर. पहिल्या खेपेले एकाच शेतकऱ्याची दहा पोती नेऊन पाहा.