अनुभव धागा: जाहिरातींचा पाठलाग कुठून होतो, कसा तोडायचा, आणि तोडताना काय मोडतं?

उंबरठा

"फोन आपलं बोलणं ऐकतो, म्हणून त्याच वस्तूची जाहिरात दिसते" हा फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. त्यावरून ब्राउझरमधली 'डू नॉट ट्रॅक'ची खूण आठवली. २००९ पासून तिची चर्चा होती. खूण केली की ब्राउझर प्रत्येक साइटला "माझा माग काढू नका" अशी विनंती पाठवायचा. पाळायची सक्ती नव्हती, मग पाळतंय कोण? प्रमाण ठरवणाऱ्या गटाने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला आणि फायरफॉक्सने २०२५ मध्ये ती खूणच काढून टाकली. वर गंमत म्हणजे खूण करणारे थोडे, त्यामुळे गर्दीतून माणूस ओळखायला तिचीच मदत!

माइकचं म्हणाल तर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७,००० च्या वर अँड्रॉइड ॲप्स तपासली होती. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप्स मात्र स्क्रीनवर काय चाललंय त्याचं रेकॉर्डिंग तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडली. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू झाला की कोपऱ्यात हिरवी खूण येते, आयफोनवर आयओएस १४ पासून नारिंगी ठिपका. तो नसताना जाहिरात बरोबर आली, तर ज्याच्याशी बोललात त्याने ती वस्तू शोधली होती का ते विचारा. एकाच वायफायवर दोघे असाल तर बाहेरून आयपी पत्ता (इंटरनेटवरचा जोडणीचा नंबर) एकच दिसतो, म्हणून त्याने शोधलेल्याची जाहिरात तुम्हालाही येऊ शकते.

तर ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. काय केल्यावर काय बिघडतं तेही लिहा, ते कोणी सांगत नाही.

कडीकुलूप

पहिलं काम जाहिरात आयडी (जाहिरातवाल्यांना ओळख पटावी म्हणून फोनला दिलेला नंबर) उडवणं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ॲड्स (काही फोनवर हे गूगलच्या मेनूत लपवलेलं असतं), मग 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. नंतर कुठल्याही ॲपने आयडी मागितला की नुसती शून्यं मिळतात. रीसेट नको, डिलीटच करा. रीसेटने नवा नंबर मिळतो, आणि ॲपमध्ये लॉगिन असाल तर जुना-नवा जोडायला त्यांना क्षणभर पुरतो.

आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग. तिथलं 'अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद. ही सोय एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ बरोबर आली. बंद असलं की ॲप विचारतही नाही, थेट नकार.

जाहिराती कमी होत नाहीत हां. तेवढ्याच येतात, फक्त नेम चुकतो.

बिनकामाचा

म्हणजे टकल्याला कंगव्याच्या जाहिराती. चालेल की!

रेघोट्या

कडीकुलूप यांना अनुमोदन, पण आयडी गेला म्हणजे सुटलात असं नाही. पान उघडलं की जाहिरातीची रिकामी जागा लिलावात जाते. ॲपमध्येही तेच. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात वगैरे उरकतो. बोली लावणाऱ्यांना जो मजकूर जातो त्यात आयपी, फोनचं मॉडेल, भाषा, कुठलं पान किंवा ॲप आहे ते, आयडी असेल तर आयडी, आणि ॲपला परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. बोली जिंकतो एकच. मजकूर मात्र हरलेल्या सगळ्यांच्या हातात पडलेला असतो, आणि तो साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. खरी गळती इथे आहे.

म्हणून लोकेशनची परवानगी ॲपगणिक तपासा. हवामानाला शहर कळलं तरी पुष्कळ झालं. अँड्रॉइड १२ पासून 'प्रिसाइज लोकेशन' बंद करता येतं, आयफोनवर आयओएस १४ पासून त्याच नावाचं बटण आहे. नकाशा आणि टॅक्सी यांना अचूकच लागतं, नाहीतर गाडी पलीकडच्या गल्लीत जाऊन उभी राहील. त्यांना 'फक्त वापरताना'. नाव नसलं तरी फोन रात्री कुठे असतो आणि दुपारी कुठे, एवढ्यावर माणूस ओळखता येतो.

जाता जाता, अँड्रॉइडवर वायफाय बंद केलं तरी लोकेशनच्या मेनूतलं 'वायफाय स्कॅनिंग' चालूच राहतं. ते वेगळं बंद करावं लागतं.

तिरपा पाऊस

इनकॉग्निटो वापरलं की झालं ना? एवढं कशाला?

शून्यमनस्क

नाही हो. इनकॉग्निटो तुमच्या यंत्रावरचा इतिहास पुसतं. समोरच्याला आयपी तोच दिसतो, आणि आत जाऊन लॉगिन केलंत की खेळ खल्लास. याच मुद्द्यावर गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत दावा लागला होता. २०२४ च्या तडजोडीत त्यांनी साठवलेल्या अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं.

ब्राउझरचं लिहितोच आता. कुकी म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती ओळखीची चिठ्ठी. तिसऱ्या पक्षाच्या कुकीज म्हणजे तुम्ही बातमी वाचताय एका साइटवर आणि कुकी ठेवतोय भलताच. सफारीने त्या २०२० मध्ये सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटला वेगळा डबा दिलाय, एकीची कुकी दुसरीला दिसत नाही. क्रोमने २०२० मध्ये बंद करू म्हणून जाहीर केलं, तारखा ढकलत ढकलत २०२४ मध्ये बेत सोडला. जाहिरातीवर जगणारा ही वाट आपणहून बंद करेल अशी आशाच चुकीची होती. तिथे हाताने करा: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड-पार्टी कुकीज, ब्लॉक.

मोडतं काय? पानात चिकटवलेले व्हिडिओ आणि कॉमेंट, 'अमक्या खात्याने लॉगिन करा' ही बटणं, कधी पैसे भरायची चौकट. चौकट नुसती गोल फिरत राहते. तेवढ्या एका साइटला अपवाद द्या, सगळं उघडू नका.

ब्लॉकर (जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं, ब्राउझरला जोडायचं एक्स्टेंशन) घ्यायचा तर यूब्लॉक ओरिजिन. फायरफॉक्सवर पूर्ण चालतो, अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरसुद्धा. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यापासून तिथे फक्त 'लाइट' मिळतो. दोन ब्लॉकर एकदम लावू नका. ब्लॉकर पकडणाऱ्या साइटला चकवायला एक जी खोटी फाइल पुढे करतो तीच दुसरा अडवतो, आणि पान कोरं येतं.

झोपाळू

वाचनखूण साठवली. रात्री वाचते सगळं. कुकरच्या शिट्ट्या मोजतेय सध्या 😄

मोजपट्टी

कुकी-कुकी करताय सगळे, पण आता गाठ मारली जाते ती ईमेल आणि फोन नंबरवर.

खरेदी करताना ईमेल दिलात. दुकानदार ती यादी जाहिरात कंपनीकडे चढवतो. आधी पत्ता लहान अक्षरांत करायचा, मोकळ्या जागा काढायच्या, मग एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा. ६४ अक्षर-अंकांची ओळ तयार होते. त्याच पत्त्याची ओळ जगात कुठेही तीच, म्हणून तर जुळवता येते! जाहिरात कंपनीकडे तुमचं खातं त्याच ईमेलवर असतं, ती आपल्या बाजूने हॅश काढते आणि झाली जोडणी. "आम्ही फक्त हॅश पाठवतो, नाव नाही" हे वाक्य कुठे वाचलंत तर हसा. दहा अंकी नंबरांच्या सगळ्या शक्यता मिळून एक हजार कोटी. साधं ग्राफिक कार्ड सगळ्यांचे हॅश काढून ठेवतं, चहा होईपर्यंत.

ही देवाणघेवाण आता बरीचशी सर्व्हरकडून सर्व्हरकडे होते. ब्राउझर मध्ये येतच नाही, त्यामुळे ब्लॉकरला ती दिसतही नाही.

ईमेलमध्ये अधिकचं चिन्ह टाकून पुढे शब्द लिहायची युक्ती इथे फारशी चालत नाही. चिन्हापासून पुढचं छाटायला प्रोग्रामची एक ओळ लागते. खरं टोपण मेल हवं: ॲपलचं 'हाइड माय ईमेल', फायरफॉक्स रिले, डकडकगोचं ईमेल प्रोटेक्शन. दर साइटला वेगळा पत्ता द्या, हॅश जुळतच नाही. कचरा यायला लागला तर कोणी पत्ता विकला तेही कळतं.

भानगडी: टोपण पत्ता बंद केलात की त्या साइटचा पासवर्ड बदलायची वाटही बंद. म्हणून बँक आणि सरकारी कामाला खरा पत्ता. कस्टमर केअरवाल्याने फोनवर "रजिस्टर्ड ईमेल सांगा" म्हटलं की ती अगम्य अक्षरं आठवत नाहीत, तेव्हा पासवर्ड मॅनेजरमध्ये नोंद ठेवा. फोन नंबरला असं सोपं टोपण नाही. फॉर्मवर लाल तारका नसेल तर रकाना मोकळा सोडा.

बिनकामाचा

म्हणजे ब्लॉकर लावून बसलेले आम्ही येडे?

मोजपट्टी

अजिबात नाही. जिथे तुम्ही काहीच टाइप केलेलं नाही तिथे ब्लॉकरच वाचवतो. दोन्ही लागतं.

रेघोट्या

ॲपच्या आतल्या ट्रॅकरला ब्राउझरचा ब्लॉकर पोचत नाही. तिथे डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. ट्रॅकरचा पत्ताच न देणारी निवडायची. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या मेनूत 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. त्यात होस्टनेमच्या जागी डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम (रोमनमध्ये, स्पेस न सोडता). पुढे एचटीटीपीएस लावू नका, तिथे नुसतं नाव लागतं. आयफोनवर अशी चौकट नाही, प्रोफाइल किंवा ॲप बसवावं लागतं.

बिघडतं कुठे: विमानतळावरचं, हॉटेलातलं वायफाय. लॉगिनचं पान उघडतच नाही. तात्पुरतं 'ऑटोमॅटिक' करा, लॉगिन करा, परत लावा. यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरातून येतात, दार बंद केलं तर दोन्ही बंद.

दुसरी पळवाट म्हणजे साइटने स्वतःच्याच नावाखाली उपडोमेन (मूळ नावाआधी शब्द जोडून केलेला पत्ता) काढून ते गुपचूप ट्रॅकर कंपनीकडे वळवणं. वरून घरचा माणूस वाटतो. फायरफॉक्सवरचा यूब्लॉक २०२० पासून हे खरं नाव उकलतो. क्रोमवर जमत नाही, कारण एक्स्टेंशनला डीएनएस विचारायची सोयच तिथे नाही.

तिरपा पाऊस

आणि व्हीपीएन? जाहिरातींत तर सगळ्यावर रामबाण म्हणतात.

कडीकुलूप

तुमची वाहतूक दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे फिरवून आयपी झाकतं, बस. कुकी, लॉगिन, ईमेल सगळं जिथल्या तिथे. शिवाय सगळी वाहतूक व्हीपीएनवाल्याच्या डोळ्यांखालून जाते. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी विकत घेतली होती. तिचं 'सुरक्षेसाठी' म्हणून दिलेलं व्हीपीएन लोक कुठली ॲप्स किती वापरतात ते कंपनीला कळवत होतं. २०१९ मध्ये बंद झालं.

अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. डकडकगोचं ॲप ट्रॅकिंग प्रोटेक्शन फोनमधल्या फोनमध्ये तीच जागा वापरतं. दोन्हींपैकी एक निवडा.

उंबरठा

धन्स सगळ्यांना, धागा भारी चाललाय. फेसबुकचं राहिलं म्हणून लिहितेय. अकाउंट्स सेंटर, 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स', त्यात 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज'. बाहेरच्या कुठल्या साइटने आणि ॲपने तुमची खबर दिली त्याची यादीच दिसते, एकदा बघाच. आधीची पुसा आणि पुढची तोडा, ही दोन वेगळी बटणं आहेत. फेसबुकने लॉगिन केलेल्या ॲपमधून बाहेर फेकले जाऊ शकता, म्हणून आधी तिथे ईमेल-पासवर्ड लावून घ्या.

गूगलच्या 'माय ॲड सेंटर'मध्ये वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात, पण तेवढ्याने साठवण थांबत नाही. त्यासाठी 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' बंद करा किंवा आपोआप पुसायची मुदत लावा. ३, १८ आणि ३६ महिने असे पर्याय आहेत, ३ घ्या.

झोपाळू

अवांतर: टीव्हीपण बघतो म्हणे आपल्याला?

शून्यमनस्क

तुम्हाला नाही, पडद्याला. चित्राचे नमुने घेऊन मोठ्या साठ्याशी जुळवतो, कुठला कार्यक्रम चालू आहे ते कळतं. एचडीएमआयला जोडलेल्या डब्यातलंसुद्धा. व्हिझिओ कंपनीने अमेरिकेत याच कारणावरून २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. सेटिंगचं नाव दर कंपनीचं वेगळं आणि मुद्दाम गुळमुळीत: 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन', 'लाइव्ह प्लस' असलं काहीतरी. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर परत जाऊन बघा.

बिनकामाचा

टीव्हीला नेटच देऊ नका. कार्यक्रम बघायला एचडीएमआयला लावायची स्टिक लावा.

शून्यमनस्क

स्टिक विकणाराही जाहिरातवालाच असतो हो 😀 पण पडद्यावरच्या इतर गोष्टी तरी त्याला कळत नाहीत.

तिरपा पाऊस

कडीकुलूप, जाहिरात आयडी उडवला तर गेममधल्या लेव्हल जातील का? पोरं जीव घेतील.

कडीकुलूप

नाही जात. लेव्हल गेमच्या लॉगिनला किंवा फोनमधल्या साठ्याला बांधलेल्या असतात. फार तर 'जाहिरात बघा, नाणी मिळवा' हे बटण एखाद्या वेळी जाहिरात सापडली नाही म्हणेल. गेम काढून परत टाकू नका मात्र, पाहुणा म्हणून खेळत असतील तर सगळं जाईल. आधी खातं जोडा.