सन कोन्युअर सतत किंचाळतो, फ्लॅटमध्ये कसं जमवायचं?

पेरूवाली:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे सन कोन्युअर (छोटा परदेशी पोपट) आहे, केशर नाव त्याचं, साधारण दीड वर्षाचा. पुण्यात सिंहगड रोडला फ्लॅट, पिंजरा हॉलमध्ये. सकाळी उजाडल्यावर आणि दिवेलागणीला थोडा वेळ दंगा करतो त्याचं काही नाही, पण हल्ली मी नुसती आत गेले तरी किंचाळायला लागतो, ते पण असं की कानात दडे बसतात, आणि मी परत येईपर्यंत थांबतच नाही. मी घरून काम करते त्यामुळे मीटिंग चालू असली की फार पंचाईत होते. सासूबाई तिथूनच "गप रे बाबा" म्हणून ओरडतात, मुलगा पळत जाऊन त्याला बाहेर काढतो, नवरा पिंजऱ्यावर चादर टाकतो. वरच्या घरात तान्हं बाळ आहे, माणसं चांगली आहेत, भांडायला नाही आली अजून, पण परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडलाच. नातेवाईक म्हणतात देऊन टाक कुणाला तरी. मला नाही द्यायचा, जीव आहे माझा त्याच्यावर. खाण्यात सूर्यफुलाच्या बिया, पेरू, मिरची. त्याला मी दिसत राहावी म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात हलवावा असं डोक्यात आहे. प्लीज कुणीतरी नीट सांगा.

सातारी_कंदी:
आमच्या गावच्या घरी हिरवा पोपट होता, तो एवढा नव्हता ओरडत, राम राम म्हणायचा. हा परदेशी द्या कुणाला तरी आणि आपला साधा पोपट आणा. तोपर्यंत चादर आहेच.

रानपिंगळा:
सातारी, आधी तुमचं. आपला हिरवा पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पूर्वी घरोघरी असायचे म्हणून आज चालत नाही. बाजारात मिळतात ती बहुतेक ढोलीतून काढलेली पिल्लं असतात. त्यामुळे तो सल्ला कुणाला देऊ नका ही विनंती.

आता ताई तुमच्या केशरबद्दल. पहिलं म्हणजे पिंजरा स्वयंपाकघरात अजिबात नेऊ नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून जो वायू सुटतो त्याने पक्षी बघता बघता मरतो, माणसाला वाससुद्धा येत नाही कधीकधी. शिवाय फोडणीचा धूर, गॅस, उकळतं तेल. हॉलच बरा, फक्त एक बाजू भिंतीला लागून ठेवा म्हणजे त्याला पाठीमागून सुरक्षित वाटतं.

दुसरं, तो का ओरडतो ते. सन कोन्युअर मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला, गयाना आणि उत्तर ब्राझील. थव्याने राहणारा पक्षी. थव्यातला एखादा नजरेआड झाला की बाकीचे हाक मारतात, तो उत्तर देतो, मग सगळे गप्प. तुमच्या घरात थवा म्हणजे तुम्ही. तुम्ही आत गेलात की तो विचारतोय कुठे आहेस, आणि उत्तर आलं नाही की आवाज वाढवतो. जातीचा आवाजच मोठा आहे, तो शून्यावर येणार नाही हे आधी घरात सगळ्यांनी मान्य करा, नाहीतर प्रत्येक जण वेगळीच अपेक्षा धरून बसेल.

आणि आत्ता घरात काय होतंय बघा. तो किंचाळला की आजी बोलतात, मुलगा बाहेर काढतो. म्हणजे किंचाळलं की माणूस येतो, हे त्याला पक्कं कळलंय. रागावणं हे त्याच्या दृष्टीने उत्तरच आहे, त्यात राग आहे हे त्याला कळत नाही. म्हणून उपाय असा की उत्तर द्यायचं, पण किंचाळीला नाही. एक छोटी शीळ किंवा ओठांचा आवाज ठरवा, त्यालाही काढता येईल असा. खोलीतून निघताना स्वतःहून ती शीळ घाला, आतून मध्येमध्ये घाला, तो किंचाळायच्या आधी. त्याने तशी शीळ किंवा काहीही हळू आवाज काढला की लगेच आतून उत्तर द्या, शक्य असेल तर येऊन बी द्या एखादं. किंचाळत असेल तेव्हा कुणीही जायचं नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही. श्वास घ्यायला थांबला तरी तो क्षण पकडून शीळ घाला. सुरुवातीला दोन-चार सेकंद नजरेआड व्हा, हळूहळू वेळ वाढवा.

एक सांगून ठेवतो, हे सुरू केल्यावर आधी ओरडणं वाढतं. आधी चालत होतं ते आता का चालत नाही म्हणून तो अजून जोर लावतो. बहुतेक लोक नेमके तेव्हाच हार मानतात आणि जाऊन त्याला बाहेर काढतात, मग तो शिकतो की एवढ्या जोरात ओरडल्याशिवाय काही मिळत नाही. म्हणून वरच्या बाळाच्या आईला आधीच भेटून सांगा की आम्ही यावर काम करतोय, थोडे दिवस त्रास वाढेल, बाळाची झोपायची वेळ विचारून घ्या आणि सराव ती सोडून करा.

भुईमूग_शेंग:
रानपिंगळा यांनी सगळं छान सांगितलंय. मी झोपेचं विचारते. हॉलमध्ये रात्री टीव्ही किती वाजेपर्यंत चालू असतो? यांना दहा ते बारा तास शांत अंधारी झोप लागते, ती नाही मिळाली की दिवसभर चिडचिड. झोपायला वेगळा छोटा पिंजरा आतल्या खोलीत ठेवता आला तर उत्तम. चादर टाकायची तर ती झोपेसाठी, रोज त्याच वेळी. भर दिवसा शिक्षा म्हणून टाकली तर तो घाबरतो नाहीतर तिथेच अजून ओरडतो.

सूर्यफुलाच्या बियांत चरबी फार, त्या बक्षीस म्हणून ठेवा. रोजच्याला पेलेट (पोपटांसाठीचं तयार गोळ्यांचं खाद्य), मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर, उकडलेला मका, मोड आलेले मूग. अवाकाडो आणि चॉकलेट मात्र चुकूनही नाही, विषारी आहे त्यांना. आणि वाटीत सगळं आयतं देऊ नका! कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीत कोंबून, पळसाच्या द्रोणात बांधून द्या. जंगलात त्याचा दिवस खाणं शोधण्यात जातो, इथे वाटी दोन मिनिटांत संपते मग करणार काय बिचारा. मीटिंगच्या आधी पाच मिनिटं असं एखादं पुडकं दिलं की तो त्याच्यात गुंततो.

पेरूवाली:
खूप खूप आभार, वाचून धीर आला. टीव्ही अकरापर्यंत असतो हो, आजपासून झोपायचा पिंजरा मुलाच्या खोलीत. अजून एक, तो सोफ्याखाली घुसून बसतो आणि तिथून काढलं की चावतो आणि ओरडतो, त्याचाही संबंध आहे का?

रानपिंगळा:
आहे. वयात आलाय तो. अंधारी कोंदट जागा म्हणजे त्याला घरटं वाटतं, मग ती राखतो. सोफ्याखाली पुठ्ठा लावून बंद करा, पिंजऱ्यात कापडी झोपडी टांगली असेल तर काढा, आणि कुरवाळायचं ते फक्त डोकं आणि मान, पाठीवरून हात फिरवू नका.

चेंबूरची_चिमणी:
ओरडणं एकदम अचानक वाढलं असेल तर आधी पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा, नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या नाही, परदेशी पक्षी बघणारे वेगळे असतात. पिसं फुगवून बसणं, दिवसा झोपणं, श्वासाबरोबर शेपूट हलणं, विष्ठेचा रंग बदलणं यातलं काही दिसलं तर थांबू नका. आणि खिडकीबाहेर एकदा नीट बघा. आमच्या कॉकॅटिएलला (तोही छोटा परदेशी पोपटच) समोरच्या टाकीवर घार येऊन बसली की तो जे सुरू व्हायचा! पिंजरा खिडकीपासून जरा आत घेतला आणि त्या बाजूला अर्धा पडदा लावला. भीतीने ओरडत असेल तेव्हा मात्र दुर्लक्ष करू नका हं, जवळ जा, तो वेगळा आवाज असतो, दोन-तीनदा ऐकलात की ओळखता येतो.

भुईमूग_शेंग:
आणि ताई, केशरची नोंदणी झालीय का? सन कोन्युअर साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. सोसायटीत विषय निघालाच आहे तर कागद हातात असलेले बरे. विकत घेतल्याची पावती शोधून ठेवा.

पेरूवाली:
पावती आहे, नोंदणी नाही केलेली, या शनिवारी बसते. शीळ सासूबाईंनीच ठरवली, त्यांना ती उत्तम जमते, त्यामुळे दुपारी मी कामात असताना आतून उत्तर द्यायची जबाबदारी त्यांनी घेतलीय. वरच्या ताईंशीही बोलले, बाळ एक ते तीन झोपतं.