जुन्या सागाचा पाट थंडीत तडकला: जोड कुठे चुकला आणि कोणती हत्यारे घ्यावीत?

गॅलरीतले लाकूडकाम (पुणे)

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षे मी सुट्टीच्या दिवशी घराच्या गॅलरीत हाताच्या हत्यारांनी लाकूडकाम करतो. विजेवर चालणारे एक ड्रिल सोडले, तर बाकीचे सारे काम करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या (काटकोन तपासण्याचे हत्यार) यांवरच चालते. आजवर एक पोळपाट, एक चौरंग आणि पोथी ठेवण्याचे घडीचे व्यासपीठ एवढ्या वस्तू केल्या आणि त्या घरात रोज वापरल्या जातात, याचे मला फार समाधान आहे.

गेल्या एप्रिलमध्ये पाडलेल्या वाड्यातली सागाची तुळई मिळाली. तिच्यातून 18 इंच लांब, 12 इंच रुंद आणि एक इंच जाड अशी अखंड फळी काढून मी पाट केला. खालून दोन आडव्या पट्ट्या पूर्ण लांबीभर सरस लावून चिकटवल्या आणि प्रत्येकीला चार स्क्रू मारले. पावसाळ्यात हा पाट मधोमध वर उचलला गेला. दिवाळीनंतर तो पुन्हा सपाट झाला म्हणून मी निर्धास्त झालो, पण डिसेंबरच्या थंडीत त्याच्या एका टोकापासून पाच इंच लांब तडा गेला.

जुने लाकूड हलत नाही असे मी ऐकत आलो आहे, मग असे का झाले? हा पाट वाचवता येईल का? शिवाय हत्यारांसाठी चार-पाच हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, त्यांत काय घ्यावे हेही सुचवावे. उत्तर देताना तुम्ही स्वतः केलेल्या वस्तूंविषयी आणि तुमच्या आवडत्या हत्याराविषयी लिहिलेत तर फार आनंद होईल.

वाकस (रत्नागिरी)

नमस्कार. तुमचे वर्णन वाचून चूक लगेच लक्षात आली, कारण तीच चूक मी माझ्या पहिल्या चौरंगात केली होती. तेव्हा वडिलांनी तो चौरंग माझ्याकडूनच सोडवून घेतला होता.

लाकूड कितीही जुने असले तरी हवेतला दमटपणा शोषणे आणि सोडणे थांबवत नाही. मुरलेले लाकूड ओल्या लाकडासारखे एकदम आकसून पीळ खात नाही एवढे खरे, पण ऋतूंबरोबर होणारी त्याची हालचाल चालूच राहते. ही हालचाल लांबीत जवळजवळ नसतेच. ती सगळी रुंदीत होते. सागवान ओले असल्यापासून अगदी कोरडे होईपर्यंत वाढवर्तुळांच्या दिशेने साधारण पाच ते सहा टक्के आकसते, आणि हे आकसणे ओलावा तीस टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच सुरू होते. हिशेब केला तर ओलाव्यातल्या प्रत्येक टक्क्यामागे पसरट कापलेली (म्हणजे जिची रुंदी वाढवर्तुळांच्या दिशेने जाते अशी) फळी रुंदीत सुमारे 0.2 टक्के कमीजास्त होते. एप्रिल आणि ऑगस्ट यांत लाकडाच्या ओलाव्यात पाच टक्क्यांचा फरक पडला असे धरले, तर तुमच्या 12 इंच फळीची रुंदी 3 मिलिमीटरने, म्हणजे आपल्या सुतारी मापात पुरत्या एका सुताने वाढते.

तुमच्या पट्ट्यांची लांबी मात्र या फळीच्या रुंदीच्या दिशेने जाते आणि ती वाढत नाही. पावसाळ्यात फळीचा वरचा भाग फुगला, खालचा भाग सरसाने आणि स्क्रूंनी धरून ठेवला, म्हणून पाट उचलला गेला. त्याच वेळी दाबाखाली आतल्या पेशी चेपल्या गेल्या. थंडीत फळी वाळली तेव्हा त्या चेपलेल्या पेशींमुळे ती मूळ रुंदीपेक्षाही आत जाऊ पाहत होती, पण पट्ट्यांनी तिला जाऊ दिले नाही. तडा पावसाळ्यात न जाता थंडीत गेला तो यामुळेच.

पाट नक्की वाचेल. पट्ट्या काढा, तड्याच्या रेषेने फळी उभी चिरून दोन तुकडे करा, दोन्ही कडा रंध्याने सरळ करा आणि सरस लावून पुन्हा जोडा. या जोडात दोन्ही तुकड्यांचे तंतू एकाच दिशेने जातात आणि एकत्रच हलतात, त्यामुळे तिथे सरस लावायला हरकत नाही.

आता पट्ट्यांविषयी. आमच्या घरातल्या आजीच्या पाटाला एकही खिळा नाही. खालच्या बाजूला तंतूंना आडव्या दोन खाचा आहेत, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. त्यांत तशाच उताराच्या पट्ट्या कडेने सरकवलेल्या आहेत. पट्टी फळीला सपाट धरून ठेवते आणि फळी पट्टीवरून मोकळेपणी सरकते. खाचेची खोली जाडीच्या एक तृतीयांशाहून अधिक नको. कडांचा उतार साधारण सहास एक, म्हणजे सहा भाग खोलीमागे एक भाग तिरपा, ठेवा. खाच एका टोकाकडे अर्धा सूत निमुळती करा, म्हणजे पट्टी सैल शिरते आणि शेवटच्या इंचभरात आवळते. उतारासाठी एका ठोकळ्याची कड त्याच कोनात रंधून घ्या, तो रेघेवर शिकंज्याने आवळा आणि करवत त्याला टेकवून चालवा. मधला भाग पटाशीने दोन्ही कडांकडून आत कोरत या. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडची कड उडते. पट्टीच्या बरोबर मध्यावर बांबूची एकच खुंटी मारा, सरस अजिबात लावू नका. पट्टी दोन्ही टोकांना एकेक सूत आखूड कापा, म्हणजे फळी आकसली तरी ती बाहेर डोकावणार नाही.

सध्या मी आईच्या विळीला फणसाच्या लाकडाचा नवा पाट बसवला आहे. ताजा रंधलेला फणस हळदीसारखा पिवळा दिसतो आणि वर्षभरात तांबूस तपकिरी होतो, तो बदल पाहण्यासाठीच मला हे लाकूड आवडते. माझे आवडते हत्यार म्हणजे वडिलांचा लाकडी रंधा. त्याच्या मागच्या बाजूला त्यांच्या तळहाताचा आकार आला आहे.

पांगुळगाडा (नाशिक)

वाकस यांनी जोड इतका नीट समजावला आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही, म्हणून मी हत्यारांवरच लिहिते. अर्धा इंच आणि एक इंच अशा दोनच पटाश्या घ्याव्यात, आणि उरलेल्या पैशांतला मोठा वाटा धार लावण्याच्या साहित्यावर खर्च करावा असे माझे ठाम मत आहे. सागात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो आणि तो पात्याची धार लवकर खातो. म्हणून सागासाठी मी पटाशीचा कोन 25 ऐवजी 30 अंश ठेवते.

सुरुवातीला महागडा दगड लागत नाही. जाड काचेचा तुकडा घेऊन त्यावर 220, 400, 800 आणि 1200 नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात चालणारे पॉलिशपेपर) पाण्याने चिकटवा. आधी पटाशीची सपाट पाठ टोकापासून इंचभर आरशासारखी करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण आयुष्यात एकदाच करावे लागते. मग उतरती बाजू घासा. पाठीवरून अंगठा धारेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवला की काठावर उठलेली धातूची अगदी बारीक कोर खरखरते. ती कोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लागल्याशिवाय पुढच्या कागदावर जाऊ नका, कारण जिथे कोर उठली नाही तिथे धार आलेलीच नाही. शेवटी लाकडी पट्टीवर चिकटवलेल्या जुन्या कातडी पट्ट्यावर ती कोर उतरवा. मऊ पाइनच्या तुकड्याचे आडवे टोक (तंतू कापलेली बाजू) तासून पाहा. कापलेला भाग तुकतुकीत दिसला तर धार लागली, पांढुरका आणि चुरगळलेला दिसला तर पुन्हा कागदावर जा.

गुण्या मात्र दुकानातच तपासून घ्यावा. सरळ कडेला टेकवून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर तो खरा. त्या फाकल्या तर गुण्याची चूक त्या फटीच्या निम्मी आहे.

माझे आवडते हत्यार म्हणजे जुन्या कानशीपासून केलेला आखणीचा चाकू. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या रेघेत पटाशी आपोआप बसते. कानस ग्राइंडरवर घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावी. टोक निळे पडले तर तिथले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे आणि तेवढा भाग काढून टाकावा. याच चाकूने आखून मी माझ्या भाचीसाठी शिवण झाडाच्या लाकडाचा पांगुळगाडा केला, आणि सात महिन्यांची असताना ती त्याला धरून उभी राहिली तेव्हा घरातल्या सर्वांनी काम थांबवून तिच्याकडे पाहिले.

मिनेसोटाकर

इथे हिवाळ्यात घरे सतत तापवलेली असल्याने आतली हवा फार कोरडी होते. भारतातून आणलेले लाकडी सामान पहिल्याच हिवाळ्यात तडकल्याचे मी अनेक मराठी घरांत पाहिले आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी देव्हारा करताना मागची फळी चौकटीच्या खाचेत सुटी ठेवली, सरस फक्त चौकटीच्या चार कोपऱ्यांना लावला. दोन हिवाळे गेले, फळी शाबूत आहे.

तुमच्या आधीच्या चौरंगालाही पट्ट्या स्क्रूने लावल्या असतील, तर मधला स्क्रू तसाच ठेवून बाजूच्या स्क्रूंची पट्टीतली भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने लंबगोल करा, म्हणजे तोही वाचेल. आवडते हत्यार विचारलेत म्हणून सांगतो: पोलादी पत्र्याची साधी खरवडणी. सागाचे तंतू उलटसुलट असतील तिथे रंधा टवके काढतो, खरवडणी काढत नाही.

पाटाला जवसाचे तेल लावणार असाल तर एक काळजी कळकळीने सांगतो. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, ती बोळ्यात साठते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या एकेक पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गॅलरीतले लाकूडकाम (पुणे)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काम पूर्ण केल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते.

सर्वांत आधी गुण्या तपासला. चार इंचांवर दोन रेघांमध्ये जवळजवळ अर्धा सूत फट निघाली, म्हणजे दोन वर्षे मी वाकड्या गुण्यावर काम करत होतो. नवा घेतला. पटाशीची पाठ घासायला दोन संध्याकाळी गेल्या, पण त्यानंतर सागाच्या आडव्या टोकावरून निघालेली पहिली अखंड साल मी जपून ठेवली आहे.

पट्ट्या सुटल्याबरोबर तडा डोळ्यांदेखत थोडा मिटला, तेव्हा वाकस यांचे म्हणणे पूर्ण पटले. पहिली खाच एका कडेला थोडी उडाली. दुसरी मनासारखी झाली. पट्टी हाताने सरकत गेली, टोकापासून इंचभर अलीकडे थांबली आणि मोगरीच्या तीन ठोक्यांत जागेवर बसली. मध्यावर बांबूची खुंटी मारली, पट्टीला सरस कुठेही लावला नाही, आणि तेलाच्या चिंध्या गॅलरीच्या दोरीवर एकेक पसरून वाळवल्या.

पट्टीचे टोक आज फळीच्या काठापासून बरोबर एक सूत आत आहे. खालच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आहे. ऑगस्टमध्ये पुन्हा मोजून तो आकडा इथे लिहीन.