अमेरिकेतील पीएच.डी.ची प्रिलिम: सोलापूरच्या प्राध्यापिका समितीत घेता येतील का, आणि तारीख कशी जुळवावी?

पूर्वभाग

नमस्कार. मी मूळची सोलापूरची असून अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. कोर्सवर्क आणि लेखी परीक्षा पूर्ण झाल्या आहेत. आता समितीपुढे प्रबंधाचे प्रपोजल मांडून तोंडी प्रिलिम द्यायची आहे. विषय सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांचा आहे. विड्या वळणाऱ्या बाईचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण असते. मग शहराच्या पूर्व भागातील भाड्याची खोली सोडून ती सोलापूरजवळच्या कुंभारी येथील विडी कामगारांच्या वसाहतीत स्वतःच्या घरी राहायला गेली, तर तिच्या कामाचे तास, पान-तंबाखू आणण्याची आणि तयार विड्या कारखान्याच्या ब्रँचला पोचवण्याची व्यवस्था आणि घरातील तिचे स्थान यांत काय बदलते, हा माझा प्रश्न आहे. प्राथमिक पाहणीसाठी मी सध्या सोलापुरातच आहे.

समितीत माझे ॲडव्हायझर, शहर नियोजनाच्या एक प्राध्यापिका आणि दक्षिण आशियाच्या इतिहासाचे एक प्राध्यापक यांनी होकार दिला आहे. तिघेही आपापल्या क्षेत्रात जाणकार आहेत, परंतु मराठी किंवा तेलुगू त्यांच्यापैकी कोणालाही येत नाही आणि माझ्या मुलाखती मात्र याच दोन भाषांत होणार आहेत. सोलापुरातील एका महाविद्यालयातील ज्येष्ठ प्राध्यापिकांनी या वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षे काम केले आहे. त्यांना समितीत घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. ॲडव्हायझर म्हणतात की त्यांची हरकत नाही, पण परीक्षा याच सत्रात व्हायला हवी. अशा सदस्याला मान्यता मिळते का, आणि दोन देशांतील लोकांची वेळ कशी साधावी, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अर्बाना ते अक्कलकोट

मान्यता मिळते, परंतु ती आपोआप मिळत नाही, आणि आपल्या वेळापत्रकाची खरी अडचण तिथेच आहे. नियम विद्यापीठागणिक बदलतात, म्हणून मला माहीत असलेले उदाहरण देतो. इलिनॉय विद्यापीठात प्रिलिमच्या समितीत किमान चार मतदार सदस्य लागतात. त्यांपैकी किमान तीन ग्रॅज्युएट फॅकल्टीचे, म्हणजे पदव्युत्तर संशोधनाला मार्गदर्शन करण्यास मान्यता असलेले, आणि किमान दोन टेन्युअर, म्हणजे कायमस्वरूपी नेमणूक, मिळालेले असावे लागतात. बाहेरच्या संस्थेतील व्यक्ती मतदार सदस्य म्हणून घ्यायची असेल, तर तिचा सीव्ही आणि तिची गरज का आहे याचे समर्थन जोडावे लागते. मिनेसोटातही तोंडी प्रिलिमला किमान चार सदस्य लागतात आणि त्यांतला एक आपल्या विषयशाखेबाहेरचा असतो. आपल्या विद्यापीठाची अट याच धाटणीची असण्याची शक्यता आहे. तरीही नियमपुस्तिकेतील शब्द स्वतः वाचा, कारण विभागातील ज्येष्ठ विद्यार्थी सांगतात तो नियम पुष्कळदा मागच्या आवृत्तीतला असतो.

माझा सल्ला असा की किमान संख्या आपल्याच विद्यापीठातील सदस्यांनी पुरी करावी आणि मॅडमना त्यावरचा सदस्य म्हणून घ्यावे. म्हणजे त्यांची मान्यता लांबली, तरी समिती नियमात बसलेली राहते आणि परीक्षा अडत नाही. सध्या आपल्याकडे तिघेच आहेत, तेव्हा चौथा सदस्य आधी शोधा. स्त्रियांच्या घरबसल्या कामावर लिहिणारे कोणी अर्थशास्त्र विभागात असतील, तर बाहेरच्या विभागाची अटही त्यातच भागेल.

सीव्हीबद्दल एक सूचना. आपल्याकडच्या प्राध्यापकांचा बायोडाटा म्हणजे रिफ्रेशर कोर्स, विद्यापीठाच्या समित्या, एनएसएसची शिबिरे आणि परीक्षेची कामे यांची मोठी जंत्री असते. ती पदोन्नतीसाठी आवश्यक असते, पण ग्रॅज्युएट स्कूलच्या कारकुनाला त्यातून संशोधन शोधता येत नाही. मॅडमची परवानगी घेऊन दोन पानांचा सीव्ही तयार करा: पदव्या, विषयाशी संबंधित लेखन, क्षेत्रकार्याचा अनुभव आणि त्यांनी मार्गदर्शन केलेले पीएच.डी.चे विद्यार्थी. समर्थनाचे पत्र ॲडव्हायझरांच्या सहीने जाते. त्यात 'समितीतील अन्य कोणालाही मुलाखतींची भाषा येत नाही' हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात यावे. त्याहून सबळ कारण आपल्याजवळ नाही आणि त्याची गरजही नाही.

तारीख समितीच्या मान्यतेनंतरच पक्की होते. सदस्यांच्या सोयीची चाचपणी आधी करायला हरकत नाही, मात्र मान्यतेवाचून झालेली परीक्षा ग्राह्य धरली जात नाही. ज्या सत्रात परीक्षा आहे त्या सत्रात आपली नोंदणी चालू आहे ना, हेही पाहून घ्या. क्षेत्रकार्यासाठी भारतात आलेल्या विद्यार्थ्यांची गाडी नेमकी इथे अडते, आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा असल्यास आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयालाही कळवावे लागते.

निवृत्त गाईड

वरील सल्ला योग्यच आहे. मी सोलापूरच्या बाजूने थोडे लिहितो, कारण ज्या मॅडमना आपण विनंती करणार आहात, त्यांच्या मनात परीक्षा म्हणजे काय याचे चित्र वेगळे असणार.

आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या विनियमांनुसार प्रत्येक संशोधकाची एक संशोधन सल्लागार समिती असते, मार्गदर्शक तिचा निमंत्रक असतो आणि संशोधकाने दर सत्रात तिच्यापुढे प्रगतीचे सादरीकरण करायचे असते. परीक्षक मात्र निराळे. प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, ते त्या संस्थेच्या नोकरीत नसावे लागतात, आणि त्यांची नावे संशोधकाला कळू नयेत अशी दक्षता घेतली जाते. संशोधकाने परीक्षकाला आधी भेटणे आपल्याकडे गैर मानले जाते. अमेरिकेच्या प्रिलिममध्ये सल्लागार आणि परीक्षक ही दोन्ही कामे तीच माणसे करतात. विद्यार्थ्याने आपणहोऊन त्यांना विनंती करायची असते आणि परीक्षेपूर्वी प्रत्येकाशी प्रपोजलवर चर्चाही करायची असते. हे पत्रात स्पष्ट लिहिले नाही, तर मॅडम संकोचाने मागे राहतील. आपण मसुद्यावर मत मागाल आणि त्या सौजन्याने 'परीक्षेच्या दिवशी बोलू' म्हणतील. मग त्यांना समितीत घेऊन उपयोग काय?

पत्रात आणखी तीन गोष्टी असाव्यात. ही परीक्षा प्रबंधाची नसून पुढील संशोधनाच्या आराखड्याची आहे, म्हणून अपुरेपणा दिसला तर तो दाखवणे हेच सदस्याचे काम आहे. दुसरे, या कामाला मानधन नसेल तर तसे आधीच सांगावे. आपल्याकडे परीक्षकाला मानधन आणि प्रवासभत्ता असतो, त्यामुळे मौन पाळणे बरे दिसत नाही. तिसरे, त्या नोकरीत असल्याने प्राचार्यांच्या नावे विद्यापीठाच्या लेटरहेडवर एक पत्र ॲडव्हायझरांकडून मागवून घ्यावे. आपल्या महाविद्यालयांत तोंडी परवानगीला फारसे वजन नसते.

वेळेविषयी सांगायचे, तर ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत विद्यापीठाच्या परीक्षा, सुपरव्हिजन आणि पेपर तपासणी यांत इथला प्राध्यापक बुडालेला असतो, आणि मध्येच दिवाळी येते. परीक्षा जानेवारीवर ढकलली, तर सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आहे. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत सोलापूरकराकडून दोन तास निवांत मिळतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

तिसरे वर्ष

माझे मत थोडे वेगळे आहे. मतदार सदस्य परीक्षेला हजर असावाच लागतो, म्हणजे त्या संध्याकाळी मॅडमचे इंटरनेट गेले तर सगळ्यांचीच परीक्षा खोळंबते. पुष्कळ विद्यापीठांत प्रिलिमची समिती आणि अंतिम परीक्षेची समिती एकच असण्याचे बंधन नाही. मग आता त्यांच्याकडून क्षेत्रकार्याच्या पद्धतीचे प्रकरण वाचून घ्यावे, त्यांचे लेखी प्रश्न ॲडव्हायझरांमार्फत समितीपुढे ठेवावेत आणि अंतिम समितीत त्यांना रीतसर घ्यावे. मान्यतेलाही भरपूर अवधी मिळेल.

घड्याळाचेही पाहा. अमेरिकेच्या मध्य विभागातील सकाळचे आठ म्हणजे उन्हाळी वेळेत सोलापुरातील संध्याकाळचे साडेसहा, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की साडेसात. दुपारी दोनची वेळ ठरली, तर इथे मध्यरात्र उलटलेली असेल. सदस्यांना सोयीची वेळ विचारताना आपण सकाळच्याच वेळा द्या. सगळा दिवस मोकळा ठेवला की प्राध्यापक हमखास दुपार निवडतात.

अर्बाना ते अक्कलकोट

'तिसरे वर्ष' यांचा मुद्दा व्यवहाराचा आहे, पण मला तो पूर्ण पटत नाही. लेखी प्रश्नाला विद्यार्थी तयार उत्तर आणतो आणि प्रकरण तिथेच मिटते. समोर बसलेली जाणकार व्यक्ती त्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारते. सासूसमोर सुनेची मुलाखत कशी घेणार, मजुरीचा आकडा बाई सांगणार की ब्रँचच्या वहीतून घेणार, छाटणीत बाद झालेल्या विड्यांचा हिशेब कुठे धरणार, हे प्रश्न त्या समितीत मॅडमखेरीज कोणाला सुचणार नाहीत. आणि आराखडा चुकीचा असेल, तर ते कळायची वेळ प्रिलिमचीच आहे; प्रबंध लिहून झाल्यावर त्या अंतिम समितीत आल्या, तर त्यांना केवळ खेद व्यक्त करता येईल. इंटरनेटसाठी फोनची सोय हाताशी ठेवावी आणि मतदार सदस्यत्वच अडचणीचे ठरत असेल, तर मताधिकाराविना सदस्य घेता येतो का ते विचारावे.

निकालाबाबतही एक शब्द. पास आणि नापास यांच्या मधलाही पर्याय असतो. मिनेसोटात 'अटींसह उत्तीर्ण' असा निकाल देता येतो, तर इलिनॉयमध्ये समिती निर्णय पुढे ढकलू शकते आणि त्याच समितीपुढे १८० दिवसांच्या आत पुन्हा परीक्षा होते. म्हणून अगदी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात तारीख घेऊ नका. दुरुस्तीचे पत्र आले, तर सुट्टीत सह्या मिळत नाहीत.

पूर्वभाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज पदवी कार्यालयाला विचारले. त्यांच्या उत्तरानुसार मताधिकाराविना बाहेरचा सदस्य घेता येतो. त्यासाठी सीव्ही आणि ॲडव्हायझरांचे पत्र पुरते, आणि त्याच्या अनुपस्थितीने परीक्षा रद्द होत नाही. चौथ्या सदस्यासाठी अर्थशास्त्रातील एका प्राध्यापिकांना लिहिले आहे. मॅडमना उद्या महाविद्यालयात भेटणार असून 'निवृत्त गाईड' सरांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी पत्रात घेतल्या आहेत. तारखेसाठी नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंग, उलटल्यानंतरचा पहिला आठवडा सुचवते आहे. तेव्हा दिवाळी होऊन गेलेली असेल आणि सत्र संपायला थोडा अवधी उरलेला असेल. वेळ तिकडची सकाळी आठची, इकडची संध्याकाळी साडेसातची. पेपर तपासणीचे तेवढे मॅडमनाच विचारावे लागेल.