वस्तीतले कागद एकत्र करायचेत, सुरुवात कुठून करू?

पर्वतीपायथा
नमस्कार. पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत लग्न होऊन आले त्याला 26 वर्षं झाली. चार घरची धुणीभांडी करते, आमच्या बचत गटाची वही माझ्याकडे असते.

27 सप्टेंबर 2018 ला मुठा कालवा फुटला तेव्हा मी कामावर होते. धावत आले तर भांडी गल्लीत आणि ट्रंक उलटी. त्यात सासूबाईंचं रेशनकार्ड, गवनीच्या म्हणजे झोपडीच्या सेवा शुल्काच्या पावत्या, सासऱ्यांचा फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं फोटो असलेलं ओळखपत्र. सगळं दोरीवर चिमटे लावून वाळवलं. फोटोपास सुकला, पण सासऱ्यांचा चेहरा पुसला गेला, नुसती टोपी दिसते. तो कागद अजून जपून ठेवलाय.

आता पुनर्वसनाची बोलणी चालू आहेत. सर्व्हे होणार म्हणतात. एक माणूस येतो, एकेकाला बाजूला घेऊन बोलतो, सही घेतो. कोणी सही दिली हे शेजारी शेजाऱ्याला सांगत नाही. घर मिळेल की नाही ते पुढचं, पण ही तोंडं बंद झालीत त्याची मला जास्त धास्ती वाटते. आमचे 3 गट आहेत, 38 बायका. पैशाला एकमेकींवर डोळे झाकून विश्वास, पण कागद दाखवायचा म्हटलं की सगळ्या गप्प. ज्यांनी आपल्या वस्तीत लोक एकत्र आणलेत त्यांनी सांगा, कसं केलंत?

येरवडेकर
ताई, आमच्याकडे येरवड्यात बीएसयूपी म्हणजे शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेत जागेवरच 270 चौरस फुटांची घरं झाली, लोकांनी 10 टक्के वाटा भरायचा होता. महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या बचत संघटनेच्या बायका दारोदार बचत गोळा करायच्या, त्यामुळे कुणाच्या घरी काय अडचण आहे हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. मीटिंगा पुष्कळ झाल्या. पण आमच्या गल्लीतल्या बायका खऱ्या बोलत्या झाल्या त्या एका संध्याकाळी. रस्त्यावर खडूने घर आखलं, खऱ्या मापाचं. मग एकजण मधे जाऊन बसली आणि म्हणाली, इथे ओटा आला तर मी पीठ मळायला बसू कुठे? दुसरीने सासूची खाट आणून टाकली. रात्री दहापर्यंत खडू पुसत होतो नि परत आखत होतो. नकाशा कागदावर दाखवला होता तेव्हा सगळ्यांनी नुसत्या माना हलवल्या होत्या.

तेव्हा कागदांपासून सुरुवात करू नका. आधी तुमच्या गल्लीचा नकाशा तुम्हीच काढा. कुठलं दार, कुणाचं, घरात माणसं किती, नळ कुठे. त्यात लपवण्यासारखं काही नसतं, त्यामुळे सगळे सांगतात.

जुना_कारकून
येरवडेकर ताईंचं बरोबर आहे, पण कागदांना फार उशीर करू नका. 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा असेल तर पुनर्वसनात घर मोफत, त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून. सगळं त्या तारखेवर अडतं. जुन्या मतदार यादीतल्या नावाच्या पानाची प्रमाणित प्रत मागून घ्या, भिजलेल्या फोटोपासपेक्षा ती जास्त कामी येते. पात्रतेची यादी लागते ती परिशिष्ट-2 म्हणून. नाव चुकलं असेल तर आक्षेप लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. माझ्या टेबलावर तोंडी सांगून गेलेली किती माणसं मी पाहिलीत! त्यांच्यासाठी मला काहीच करता आलं नाही, ते अजून मनाला लागतं.

मूळ कागद ज्याच्या त्याच्या घरी राहू द्या. गटाकडे फक्त झेरॉक्स.

भाड्याची_खोली
मी जनता वसाहतीत भाड्याने राहतो, नऊ वर्षं. हात जोडून सांगतो, नकाशा काढाल तेव्हा आम्हालाही मोजा. सर्व्हेच्या दिवशी घरमालक येऊन खोलीत बसेल आणि माझी पोरं दिवसभर बाहेर उभी राहतील. घर मिळेल अशी आशा नाही. पण खोली पाडायची ठरली तर दोन महिने आधी तरी कळावं, पोराची दहावी आहे. नवीन खोलीचं डिपॉझिट एका रात्रीत कुठून आणू?

पर्वतीपायथा
सगळ्यांचे आभार. रविवारी समाजमंदिरापुढे खडू घेऊन बसलो. सुरुवातीला आम्ही 6 जणी होतो, नंतर पोरं जमली, पोरांना शोधत त्यांच्या आया आल्या. 2 गल्ल्या झाल्या, 61 दारं. दादा, भाडेकरूंची दारं वेगळ्या रंगाच्या खडूने काढली, ती 14 निघाली. इतकी असतील असं मला वाटलंच नव्हतं. डिपॉझिटसाठी गटातून बिनव्याजी उचल द्यायची का, हे पुढच्या बैठकीत घेतोय. काही जणींचा विरोध आहे, त्यांचं म्हणणंही ऐकायचंय.

उठता उठता कोपऱ्यावरच्या आजी आल्या, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली 1995 ची मतदार चिठ्ठी घेऊन. आडनाव चुकलंय. इतकी वर्षं भीतीने कुणाला दाखवली नव्हती म्हणाल्या. काका, बुधवारी सुट्टी टाकून आजींना घेऊन निवडणूक कार्यालयात जातेय. अर्जात नाव चिठ्ठीवर आहे तसं लिहायचं की आधारवरचं, तेवढं मंगळवारपर्यंत सांगा.