सिस्टरना संशोधनाचं वावडं म्हणे!

लेबररूमवाली: काल इथं एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, ‘सिस्टर लोक सवयीनं बाळंतपणं करतात, संशोधनाचं त्यांना वावडं.’ रात्रपाळी करून आल्यावर हे वाचलं, डोकंच सटकलं. साहेब, सरसकट एपिसिओटॉमी, म्हणजे बाळाला वाट करायला खाली कात्रीनं छेद, नको, पोटावर दाबून बाळ ढकलू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ लाच सांगितलंय. मी ते बोलून दाखवलं तर उत्तर काय? “पहिलटकरीण आहे, कात्री द्या.” वाचून करू काय, लोणचं घालू?

डॉक्टर_रंकाळा: ती पोस्ट माझीच. ‘सरसकट नको’ म्हणजे ‘कधीच नको’ नव्हे. खालपर्यंत फाटलं की नातेवाईक कॉलर माझी धरतात. आणि एवढं वाचता, तर पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असतानाच भरायचा प्रगतीचा तक्ता, बाळ रडल्यावर का भरता?

रिटायर_एएनएम: मी गगनबावड्याकडं होतो. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटीमीटर उघडायच्या आत घाई नको म्हणतात. कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर चढायला लागल्यावर पाच होईस्तोवर थांबू, का आधीच गाडीत घालू? ते कुठल्या कागदात लिवलंय?

पुणेकर: ‘होतो’? तुम्ही ताई की दादा?

रिटायर_एएनएम: कोल्हापूरची हाय बाबा. आमच्यात बायका असंच बोलतात.

लेबररूमवाली: पार्टोग्राफ काढलाच आहे तर ऐका. रात्री आम्ही दोघी, खाटा चारी भरलेल्या. एकच नाव पाच रजिस्टरांत, वर पोर्टल. ‘लक्ष्य’ची, म्हणजे लेबररूमच्या दर्जाची सरकारी तपासणी म्हटली की आधी पडदे धुतात.

दुसरी_सिस्टर: पोर्टलचं नावच काढू नका! सर्व्हर पहाटे तीनला चालतो. बाळ आधी येतं, ओटीपी नंतर.

नर्सिंग_ट्यूटर: रजिस्टर पुरे. रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनची १० युनिटं आपण बाळ झाल्यावर मिनिटाच्या आत देतो, कारण चार्टवर आहे. नाळ मात्र किमान एक मिनिट थांबून कापायची, ती किती जणी थांबता? तिथं कुठला डॉक्टर हात धरतो?

लेबररूमवाली: ...बसला चिमटा. पण बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताचंही सांगते. आम्ही ‘३०० मिली’ लिहितो, सगळा अंदाज. एकदा मावशी फरशी पुसून म्हणाल्या, “बाई, आज तीन बादल्या लागल्या.” मग पळापळ. बाई वाचली, मावशीमुळं. आफ्रिकेतल्या चार देशांत रक्त मोजायची खुणांची पिशवी वापरली, आणि जास्त रक्तस्राव दिसताच गर्भाशयाला मसाज, औषधं, सलाईन सगळं एकदम सुरू केलं. २०२३ साली निकाल आला: गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोट उघडणं किंवा मृत्यू, हे मिळून ६० टक्क्यांनी कमी. आमच्याकडं पिशवी नाही, मावशी आहेत.

डॉक्टर_रंकाळा: पिशवीचं मान्य, अभ्यास भक्कम आहे. कात्रीवर मी ठाम. तुमच्या साहेबांना मागणीपत्र द्या.

लेबररूमवाली: दिलंय की. तीन प्रतींत. त्याचंही रजिस्टर आहे.