अनोळखी क्रमांक न उचलणारी घरे आणि दूरध्वनी सर्वेक्षण

प्रश्न:
उत्तरयंत्र, समोरचा क्रमांक दाखवणारी सोय आणि आता नकोसे कॉल परस्पर अडवणारे मोबाइल यांमुळे अनेक घरांत अनोळखी क्रमांक उचललाच जात नाही. अशा वेळी फोन घेणाऱ्या मोजक्या लोकांवरून साऱ्या समाजाविषयी निष्कर्ष काढणे कितपत योग्य आहे? वय आणि शिक्षणानुसार भारांकन केल्यास, म्हणजे कमी सापडलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन दिल्यास, उणीव भरून निघते का?

पहिले उत्तर:
अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरच्या दूरध्वनी सर्वेक्षणांचा प्रतिसाद-दर, म्हणजे निवडलेल्यांपैकी मुलाखत देणाऱ्यांचे प्रमाण, १९९७ मध्ये ३६ टक्के होता, तो २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला. तरीही दर घसरला म्हणजे निष्कर्ष चुकलाच, असे म्हणता येत नाही; न सापडलेले लोक विचारलेल्या विषयाबाबत सापडलेल्यांहून किती वेगळे आहेत, यावर ते अवलंबून असते. राजकीय पसंतीसारख्या बाबतींत याच संस्थेचे अंदाज बऱ्यापैकी टिकले, परंतु स्वयंसेवी काम करणाऱ्यांचे प्रमाण वास्तवापेक्षा बरेच जास्त आले आणि भारांकनानेही ते सुधारले नाही. अनोळखी माणसाला वेळ देणारा आणि लोकांच्या कामाला धावून जाणारा माणूस बहुधा एकच असतो, हे वयाच्या किंवा शिक्षणाच्या रकान्यात दिसत नाही.

दुसरे उत्तर:
नकार आणि संपर्कच न होणे, यांत फरक करायला हवा. नकार देणाऱ्याची निदान नोंद होते. न उचललेल्या फोनमागे घर आहे, दुकान आहे की वापरात नसलेला क्रमांक, हेच कळत नाही. त्यामुळे प्रतिसाद-दराचा छेदच, म्हणजे एकूण किती घरांपैकी हा दर काढायचा तो आकडाच, अनिश्चित राहतो, आणि दोन अहवालांतील दर ताडण्यापूर्वी प्रत्येकाने छेद कसा धरला आहे हे पाहावे लागते. शिवाय घरातील सामायिक फोनवर एक जण सर्वांच्या वतीने निर्णय घेतो. ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला त्या प्रौढाची मुलाखत घ्यावी, असा घरातील व्यक्ती निवडण्याचा नियम कितीही काटेकोर असला, तरी फोनच न उचलल्यास तो लागू करण्याची वेळच येत नाही.

प्रश्नकर्ता:
मग पुन्हा पुन्हा फोन करण्याचा उपयोग होतो का?

तिसरे उत्तर:
घराबाहेर असणारे लोक वेळ बदलल्यास सापडतात, पण क्रमांक पाहून टाळणारा चौथ्यांदाही टाळतो, आणि तोच क्रमांक नकोशा कॉलमध्ये गणला जाण्याचा धोका वाढतो. सर्वेक्षणाच्या नावाखाली विक्री करणाऱ्यांनी हा अविश्वास वाढवला, याचे मला मनापासून वाईट वाटते. पत्ता उपलब्ध असल्यास फोनपूर्वी टपालाने पत्र पाठवून संस्था, हेतू आणि फोन येणारा क्रमांक कळवावा, आणि न सापडलेल्यांपैकी काही घरांची प्रत्यक्ष भेट घेऊन त्यांची उत्तरे वेगळी येतात का, हे तपासावे.